ख्रिस्तविरोधी आणि आठवा प्रश्न

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला, की तुमच्या नोकरीबद्दल काहीतरी लिहा, वाचकांना वेगळं वाटेल. मी तिला आधीच सांगून टाकलं, की बाई, माझी सगळी नोकरी सैतान आणि ख्रिस्तविरोधी यांच्या नादात गेली, ते दिवाळीच्या फराळाबरोबर चालणार आहे का? ती म्हणाली, "थोडं लाइट ठेवा." ठेवायचा प्रयत्न करते. पण ज्यांच्यामुळे मी सत्तावीस वर्षं डोकं धरून बसले त्यांच्याबद्दल किती लाइट लिहिणार?

माझं काम पेपर तपासण्याचं. बेंगळुरूच्या शिवाजीनगर बस स्टँडमागे, बाइंडिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पत्राने शास्त्राभ्यास, म्हणजे घरबसल्या बायबल शिकवणारा कोर्स. बारा धडे. आम्ही धड्याची पुस्तिका पोस्टाने पाठवायची, विद्यार्थ्याने ती वाचून आठ प्रश्नांची उत्तरं लिहून परत पाठवायची, मी लाल पेनाने तपासून शिक्का मारायचा, की पुढचा धडा रवाना. बारा झाले की प्रमाणपत्र. मराठीचं टेबल माझं, कन्नडचं फिलोमिना अक्कांचं. निपाणी, खानापूर, बीदर, तुरुंगातले कैदी, फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका, कुतूहल म्हणून नाव घालणारे हिंदू शिक्षक, असे सगळे माझे विद्यार्थी. शेवटच्या काही वर्षांत लोक पेपराचे फोटो मोबाइलवर पाठवायला लागले. त्यात निम्म्या उत्तरावर त्यांचाच अंगठा असायचा.

हा कोर्स पाच वेगवेगळ्या चर्चनी मिळून चालवलेला होता. हिंदू वाचकांना म्हणून सांगते, आमच्यात पंथ भरपूर आणि प्रत्येकाला बाकीचे चार थोडे चुकलेले वाटतात. या पाचांचं एकमत येशू ख्रिस्तावर होतं आणि मीटिंगच्या चहावर होतं, मधल्या बऱ्याच गोष्टींवर नव्हतं. म्हणून कमिटीने एक नियम केला. कोर्सने स्वतःचं मत सांगायचं नाही. पहिले सात प्रश्न फक्त 'शास्त्रात काय लिहिलंय' एवढेच विचारतील, आणि उत्तरसूचीप्रमाणे गुण मिळतील. आठवा प्रश्न सगळ्या धड्यांत एकच असेल: हा धडा तुमच्या जीवनाला कसा लागू पडतो? याचं उत्तर ज्याचं त्याचं, त्यात चूक-बरोबर काढायचं नाही, काहीही लिहिलं असलं तरी दहापैकी दहा. नियम करताना सगळ्यांना हा फार शहाणपणा वाटला होता. मलाही वाटला होता.

दहाव्या धड्यापर्यंत गाडी सुरळीत चालायची. अकरावा धडा होता शेवटच्या काळाचा, आणि तो पाठवला की माझ्या टेबलावर टपालाचा ढीग पडायचा.

ख्रिस्तविरोधी हा शब्द सगळ्या बायबलमध्ये फक्त योहानाच्या पत्रांत येतो, तोही बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. तिथे योहान म्हणतो की ख्रिस्तविरोधी एक नाही, अनेक आहेत, आणि ते बाहेरून आलेले नाहीत, आपल्यातूनच निघून गेलेले आहेत. पौलाच्या एका पत्रात कुणी एक अनीतिमान पुरुष यायचा आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात समुद्रातून वर येणारं एक श्वापद आहे, आणि सहाशे सहासष्ट हा त्याचा आकडा आहे, जो खूण म्हणून माणसांच्या हातावर किंवा कपाळावर उमटवला जाणार आहे. प्रकटीकरणात ख्रिस्तविरोधी हा शब्द एकदाही नाही. पण लोकांनी हे तिघे एकत्र शिवून एक बुजगावणं तयार केलं आणि ते ज्याला त्याला आपापल्या शत्रूच्या अंगावर बरोबर बसलं.

आमच्या कमिटीतले एक म्हातारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शांतपणे सांगायचे की तो आकडा त्या काळच्या जुलमी रोमन बादशहाच्या नावाचा आहे, अक्षरांच्या किमती मांडून बघा, ते पुस्तक त्या वेळच्या छळ सोसणाऱ्या माणसांना धीर द्यायला लिहिलं होतं, विषय संपला. दुसरे ब्रदर म्हणायचे, संपला कसा, अजून सुरूच झालेला नाही, तो यायचाय. तिसरे म्हणायचे, तो माणूसच नव्हे, ती प्रत्येक युगातली वृत्ती आहे. एकदा हे तिघे इतक्या मोठ्याने बोलत बसले की खालच्या बाइंडिंगवाल्याने वर येऊन बघून घेतलं, सगळं ठीक आहे ना.

विद्यार्थ्यांची तर काय कथा. महादेवपुऱ्याहून एक पुण्याचा इंजिनियर थेट ऑफिसात आला. त्याला कंपनीचं गेट उघडणारं कार्ड वापरायचं नव्हतं. "मॅम, बेसिकली हाच तो मार्क आहे. आय जस्ट कान्ट स्वाइप," असं तो घाम पुसत सांगत होता. महिनाभर तो इतरांच्या पाठोपाठ गेटातून आत घुसत होता आणि आता एचआरची नोटीस आली होती. त्याला आमच्या लेटरहेडवर एक पत्र हवं होतं. मी विचारलं, बाबा रे, इथपर्यंत आलास कसा? म्हणाला, मेट्रोने. मी म्हटलं, तिकडचं गेट कशाने उघडलंस? त्याने खिशातलं मेट्रोचं कार्ड काढून बराच वेळ बघितलं. पत्र मी दिलं नाही. कोर्स त्याने पुरा केला, पण पुढचे पेपर जरा त्रोटक आले.

सैतानाचीही तीच तऱ्हा. खानापूरच्या एका शाळामास्तरांनी लिहून विचारलं, की ईयोबाच्या पुस्तकात तर सैतान देवाच्या दरबारात उभा राहून सरकारी वकिलासारखे आरोप करतो, मग त्याला स्वर्गातून हाकललं कधी? आणि एदेन बागेतला साप सैतान होता असं त्या गोष्टीत कुठेच लिहिलेलं नाही, ते तुम्ही कशावरून म्हणता? खरोखरच लिहिलेलं नाही. ज्या दोन उताऱ्यांवरून देवदूत गर्वाने पडून सैतान झाला असं सांगतात, ते उतारे नावानिशी बाबेलच्या आणि सोरच्या राजांना उद्देशून आहेत. कुणी म्हणतं, राजाच्या आडून सैतानालाच बोललंय. कुणी म्हणतं, नाही, राजा म्हणजे राजाच. एक विद्यार्थी तर म्हणायचा की सैतान बाहेर कुठे नाहीच, माणसाच्या मनातला खोटेपणा तोच. नियमाप्रमाणे मी सगळ्यांना गुण दिले आणि सगळ्यांनी मला नाराजीची पत्रं लिहिली, कारण दुसऱ्यालाही गुण मिळाले होते.

या सगळ्या वैतागात माझा एक लाडका विद्यार्थी होता, भास्करराव. मूळचे निपाणीकडचे, बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. अक्षर पट्टी लावून काढल्यासारखं. दहा धड्यांत एकही गुण गेला नव्हता. त्यांचा पेपर ढिगात दिसला की मी तो शेवटी ठेवायची, म्हणजे दिवस बरा संपायचा. अकराव्या धड्यातही ऐंशीपैकी ऐंशी मिळाले. मी शिक्का मारला, 'उत्तम' असं लिहिलं आणि बारावा धडा पाठवून दिला.

त्यांचा बाराव्याचा पेपर मात्र आला नाही. दीडेक वर्षाने एका नव्या विद्यार्थिनीचा पहिला धडा आला. शांताबाई, पत्ता लिंगराजपुरमचा, भास्कररावांचाच. पहिला धडा जगाच्या निर्मितीचा. तिने पहिले सात प्रश्न कोरे सोडले होते. फक्त आठव्याखाली, सावकाश जोडलेल्या अक्षरांत लिहिलं होतं:

'अकराव्या धड्यात आमच्या ह्यांना या प्रश्नाला दहापैकी दहा मिळाले. तेव्हापासून प्रवीणला घर बंद आहे. नातवाला बघून दीड वर्ष झाले. आता चालत असेल. ती लाल खूण तुमची का देवाची, तेवढे कळवावे.'

मी पेन खाली ठेवलं. भास्कररावांनी काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला आणि काही आठवेना. आठवणार कुठून? मी ते वाचलंच नव्हतं. आठव्याला गुण ठरलेलेच असायचे, म्हणून कधीतरी, कितीतरी वर्षांपूर्वी, मी आठवं उत्तर वाचायचंच सोडून दिलं होतं. सात उत्तरं सूचीशी ताडून बघायची, आठव्यावर खूण ओढायची, शिक्का मारायचा. ढीग उपसायचा म्हणजे हे असंच होत जातं.

फिलोमिना अक्कांना सांगितलं. त्या कॅथलिक. त्यांच्या टेबलावरही अकराव्या धड्यात दर आठवड्याला कुणी ना कुणी पोपला ख्रिस्तविरोधी ठरवायचं. त्या म्हणाल्या, मीही वाचत नाही, वाचलं तर राग येतो. मग मी संचालकसाहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नियमाचा कागद काढला. आठव्याचा निवाडा आपण करायला लागलो तर उद्या पाच चर्चची पाच टोकं होतील, तुम्ही सांत्वनाचं एक पत्र लिहा आणि सोडून द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला असा संताप आला की मी जिना उतरून खाली रस्त्यावर येऊन उभी राहिले. मागोमाग अक्का आल्या. "नीवे होगी," एवढंच म्हणाल्या. तुम्हीच जा.

गेले. लिंगराजपुरमला छोटंसं बैठं घर, पुढे जाळीचा व्हरांडा. भास्करराव मला पाहून इतके खूश झाले की मला आणखी अपराधी वाटलं. "या की बाई, या. तुम्ही आलाय म्हणजे आमचं भाग्यच," म्हणून त्यांनी खुर्ची पुसली. शांताबाई कॉफी ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी विषय काढताच भास्कररावांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल आणली. अकराही पेपर क्रमाने लावलेले.

अकराव्याचं आठवं उत्तर त्यांनीच मला वाचून दाखवलं. मुलगा प्रवीण, आयटीत नोकरी, त्याने मंगळुरूच्या कॅथलिक मुलीशी लग्न केलं आणि तिच्याबरोबर तिच्या चर्चला जायला लागला. भास्कररावांच्या आजोबांकडे मिशनच्या काळातली एक जुनी पुस्तिका होती, तिच्यात पोप हाच ख्रिस्तविरोधी असं सविस्तर मांडलेलं होतं. त्यात धड्यात वाचलं की ख्रिस्तविरोधी आपल्यातून निघून गेलेले असतात. त्यात योहानाच्या दुसऱ्या पत्रात आहे की अशांना घरात घेऊ नये, सलामही करू नये. टूलरूमच्या माणसाने तीन सुटे भाग जोडले आणि ते तंतोतंत बसले. उत्तराच्या शेवटी लिहिलं होतं की म्हणून मी आजपासून मुलाला घरात घेणार नाही, सलामही करणार नाही. त्याच्यापुढे माझी लाल खूण.

मी वाद घालायला सुरुवात केली. म्हटलं, योहान ज्यांच्याबद्दल लिहितो ते लोक येशू देहाने आलाच नाही असं म्हणत होते. तुमची सून असं म्हणते का? ते म्हणाले, नाही, ती तर रोज क्रूस करती, पण पोपला मानती. मी म्हटलं, ती पुस्तिका भांडणाच्या काळात लिहिलेली आहे, तेव्हा दोन्हीकडचे एकमेकांना हेच म्हणत होते. ते म्हणाले, मग कोण बरोबर होतं ते सांगा. मी पौल काढला, त्यांनी दानीएल काढला. मी बादशहाचा आकडा सांगितला, त्यांनी आजोबांची पुस्तिका उघडली. कॉफी दोनदा झाली. शेवटी त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं.

"बाई, तुम्ही आता काय बी सांगा. चुकीचं होतं तर तेव्हाच खोडायचं होतं. दहापैकी दहा दिलंय की हो तुम्ही."

दारातल्या शांताबाई माझ्याकडे बघत होत्या. तिथे मला कळलं, की इतकी वर्षं ज्या पत्रांवर मी वैतागले तसलंच एक पत्र मी इथे तोंडी लिहीत बसले आहे.

"भास्करराव," मी म्हटलं, "मी हे उत्तर वाचलेलं नव्हतं."

"म्हणजे?"

"आठवा प्रश्न मी वाचत नाही. कुणाचाच. नुसती खूण करते. नियमच तसा आहे, काहीही लिहिलं तरी दहा."

 मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी फाइल हळूहळू मागे उलटली आणि चौथ्या धड्यावर थांबले.

"मग ह्यात धाकट्या भावाचं लिवलं होतं मी," ते म्हणाले. "ते पण नाही वाचलं?"

मी मान हलवली. नोकरीत मला बोलणी पुष्कळ बसली, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती. हा माणूस दोन वर्षं धड्यामागून धडा मला आपलं आयुष्य लिहून पाठवत होता आणि मी त्याच्यावर शिक्के मारत होते. मी फाइल मागून घेतली आणि तिथेच बसून अकराही उत्तरं वाचली, पहिल्यापासून. कारखान्यातला पहिला दिवस. प्रवीणच्या जन्माच्या वेळी बोललेला नवस, जो आमच्यात बोलत नाहीत, म्हणून कुणाला सांगितलेला नव्हता. आणि चौथ्यात भाऊ. वडिलांशी भांडून निघून गेलेला, दोनदा परत आलेला आणि दोन्ही वेळा दारातून परत पाठवलेला. तिसऱ्यांदा त्याच्या मरणाची खबर आली. भास्कररावांनी लिहिलं होतं, 'मी तेव्हा मोठा होतो. दार उघडू शकत होतो.' त्याच्यापुढेही माझी लाल खूण होती. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. ते उत्तर त्यांचं त्यांनाच पाठ होतं.

मग मी पर्समधून लाल पेन काढलं. अकराव्या पेपरवरची खूण खोडली, दहाच्या जागी शून्य घातलं, खाली सही केली आणि 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला. नियमाप्रमाणे मला तो अधिकार नव्हता. संचालकसाहेबांना कळल्यावर त्यांनी मला मेमो दिला, तो माझ्याकडे अजून आहे.

भास्कररावांनी शून्याकडे पाहिलं. "शाळेपासून आजपर्यंत मला शून्य कुणी दिलेलं नाही," असं म्हणून ते आत निघून गेले. मला पोचवायला गेटपर्यंत शांताबाईच आल्या. त्या नुसता माझा हात धरून उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ सोडेनात.

त्या दिवसापासून मी सगळी आठवी उत्तरं वाचायला लागले. माझ्या टेबलावर कामाचा डोंगर साचला आणि टपाल उशिरा जायला लागलं म्हणून तक्रारी आल्या. त्या उत्तरांत कुणाचा नवरा सैतान होता, कुणाची सावत्र आई, कुणाचा सरपंच. जिथे वाटलं तिथे मी दोन ओळी लिहायची, की बाई, एकदा त्यांच्याशी बोलून बघा. नियम अजून तोच आहे. माझ्या जागी आता कुणी नाही, एक अॅप आहे. ते आठव्याला आपोआप दहा देतं.

लिंगराजपुरमहून तीन आठवडे काही आलं नाही. मग पोस्टाने एक पाकीट आलं, पट्टी लावल्यासारखं अक्षर. एका कोऱ्या कागदावर फक्त आठव्या प्रश्नाचं उत्तर होतं:

'पोपविषयी माझे मत कायम आहे. तथापि रविवारी उपासनेनंतर प्रवीण, सूनबाई व नातू यांना बोलावले. पत्रात घरात घेऊ नये असे आहे, म्हणून व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. सलाम मात्र केला. नातू व्हरांड्यात बसेना, सरळ आत पळाला व माझ्या खाटेवर चढला. त्याला बाहेर काढावे असे शास्त्रात कुठे सापडले नाही. त्याच्या मागे प्रवीण आत आला. मग जेवणे आतच झाली. कृपया हे उत्तर वाचून मगच गुण द्यावेत.'

मी ते तीनदा वाचलं. फिलोमिना अक्कांना कन्नडमध्ये सांगितलं, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, सून? मी चौथ्यांदा वाचलं. मग लाल पेन घेतलं, दहापैकी सात गुण दिले, आणि समासात लिहिलं: 'उत्तर चांगले आहे. परंतु सूनबाई कुठे जेवल्या, ते लिहिलेले नाही. पुन्हा पाठवा.'